शासकीय रुग्णालयांतील रुग्णसुरक्षितता : ‘थोडक्यात टळले’ याची नोंद कोठे होते?

वैनगंगाकाठ

गेली तीन वर्षे मी आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीची अशासकीय सदस्य आहे. बैठकीचा बहुतेक वेळ पाण्याची टाकी, बंद पडलेला इन्व्हर्टर आणि बाह्यरुग्ण विभागासमोरची शेड यांवर जातो. निधी त्यासाठीच असतो, त्यामुळे तो वेळ वाया जातो असे मी म्हणणार नाही. मात्र गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

एकाच दिवशी आमच्या प्रसूती कक्षात नाव आणि आडनाव अगदी सारखे असलेल्या दोन स्त्रिया बाळंत झाल्या. त्यांपैकी एकीचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यामुळे तिला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळणे आवश्यक होते. दुपारच्या पाळीतील अधिपरिचारिका इंजेक्शन भरून दुसरीच्याच खाटेपाशी गेली. तिने केसपेपरवरचे नवऱ्याचे नाव मोठ्याने वाचले आणि शेजारी बसलेली सासू म्हणाली, “आमच्या पोराचं नाव हे नाही.” तेवढ्यावर चूक टळली. खरे नुकसान झाले असते ते जिला इंजेक्शन हवे होते तिचे. ती तशीच घरी गेली असती आणि त्याचा परिणाम पुढच्या गरोदरपणात, कदाचित वेगळ्याच दवाखान्यात दिसला असता. त्या वेळी त्याचा संबंध या दुपारशी कोणी जोडला नसता.

मी हा विषय समितीत काढला तेव्हा उत्तर मिळाले, “काही झाले नाही ना ताई, मग इतिवृत्तात कशाला घेता?” बैठकीनंतर त्या परिचारिकेनेही मला बाजूला घेऊन विषय वाढवू नका अशी विनंती केली. तिची भीती मला खोटी वाटत नाही. शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १७ पैकी १० बाळे दगावली. त्यानंतर निलंबने झाली आणि दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला, हे आमच्या भागातील प्रत्येक परिचारिकेला पाठ आहे.

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके २०१३ पासून आहेत, ‘कायाकल्प’ ही रुग्णालयांच्या स्वच्छतेची पुरस्कार योजना २०१५ पासून आहे, आणि आमच्या रुग्णालयाची त्यासाठी तपासणीही झालेली आहे. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस भिंती रंगतात, कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या बादल्या जागेवर येतात, रजिस्टरे पूर्ण होतात. पण जे घडता घडता राहिले ते लिहायला माणूस धजावेल अशी जागा मला कोठेही सापडली नाही. आपल्यापैकी कोणी आरोग्य सेवेत असाल, तर अशी नोंद प्रत्यक्षात कशी करता येते आणि तिचे पुढे काय होते, हे सांगावे.

निवृत्त परिसेविका

ताई, मी ३४ वर्षे शासकीय सेवेत काढली. त्यातील शेवटची नऊ वर्षे एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका होते. आपण सांगितलेला प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत कितीतरी वेळा पाहिला आहे.

नावे सारखी असणे हे त्यातले निम्मेच कारण आहे. उरलेले निम्मे कारण आमच्या बोलण्याच्या सवयीत आहे. वॉर्डात रुग्णाला नावाने नव्हे तर खाटेच्या क्रमांकाने ओळखतात : “सात नंबरला सलाईन लावा”, “अकरा नंबरचा बीपी घ्या”. खाटा पुरत नाहीत तेव्हा एका खाटेवर दोघी असतात, तिसरी खाली गादीवर असते, आणि रात्रीतून कोणाला कळ आली की सगळ्यांची जागा बदलते. रात्रपाळीची परिचारिका सकाळी जी ‘सात नंबर’ सोपवून जाते, ती दुपारी तीच असेल याची खात्री नसते. बाळाच्या हाताला आम्ही आईच्या नावाची चिठ्ठी बांधतो, पण आईच्या हाताला काही बांधत नाही. माझ्या वॉर्डात मी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या होत्या. इंजेक्शनआधी “तुमचे नाव हे का?” असे विचारायचे नाही, कारण कळा सोसणारी बाई कशालाही ‘हो’ म्हणते, “तुमचे पूर्ण नाव सांगा” असेच विचारायचे. आणि सारख्या नावाच्या दोघी असल्या तर दोघींच्या केसपेपरवर लाल शाईने ठळक खूण करायची. त्याला खर्च शून्य होता.

दुसरी गोष्ट ऑक्सिटोसिनची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ते द्यायचे असते आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. प्रत्यक्षात दिवसभर लागेल म्हणून त्याच्या कुप्या ट्रॉलीवर किंवा कपाटात राहतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या कपाटाचे काय होते ते तुम्हीच समजा. औषध दिले अशी नोंद होते, पण त्यात जोर उरला होता का, हे कोणी विचारत नाही. रक्तस्राव थांबला नाही तर दोष रुग्णाच्या पंडुरोगाला.

पोटॅशियम क्लोराइडचेही तसेच. त्याची कुपी दुसऱ्या साध्या कुप्यांसारखी दिसते, आणि ते सौम्य न करता थेट शिरेतून गेले तर हृदय थांबते. ती कुपी वॉर्डाच्या सामान्य ट्रॉलीवर असताच कामा नये. मी ती वेगळ्या कुलपात ठेवली, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी “सिस्टर, तुम्ही कामात खोळंबा करता” असे मला ऐकवले होते.

आता आपला मुख्य प्रश्न, नोंद कोठे करायची. मी माझ्यापुरती एक वही ठेवली होती. ती शासकीय नव्हती. शासकीय असती तर तिच्यात कोणी अक्षरही लिहिले नसते, कारण आमच्याकडे लेखी कबुलीचा पुढचा टप्पा कारणे दाखवा नोटीस हाच असतो, आणि विभागीय चौकशी सुरू असताना निवृत्त झालेल्या बाईचे निवृत्तिवेतन कसे अडकते हे मी मैत्रिणीच्या बाबतीत पाहिले आहे.

शंकेखोर

आपणा दोघींच्या अनुभवाचा आदर राखून एक अप्रिय प्रश्न विचारतो. चूक करणाऱ्याला अभय द्यायचे, नाव लिहायचे नाही, शिक्षा करायची नाही, तर सुधारणा होणार कशाच्या धाकाने? भंडाऱ्यातील मातांना “आम्ही यातून शिकत आहोत” असे सांगून चालेल का? शासकीय सेवेत आधीच उत्तरदायित्व कमी आहे, त्यात ही नवी पळवाट ठरेल अशी मला भीती वाटते.

तारजोड

शंकेखोर, मी विद्युत अभियंता आहे आणि रुग्णालयांच्या वीजसुरक्षा तपासण्यांसाठी काही वर्षे फिरलो आहे. ज्यांनी बाळ गमावले त्यांना धडे ऐकवू नयेत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण धाक नेमका कोणावर बसतो ते पाहा.

नवजात अतिदक्षता कक्षात वॉर्मर, मॉनिटर, सिरिंज पंप, वातानुकूलन यंत्र ही सगळी चोवीस तास चालणारी उपकरणे असतात. कक्ष बारा बाळांसाठी आखलेला असतो, पुढे बाळे वाढतात, तशी उपकरणे वाढतात, आणि भिंतीतील तारा मात्र त्याच राहतात. मग एक्स्टेन्शन बोर्ड येतात. सतत सोडल्या जाणाऱ्या प्राणवायूमुळे हवेतील त्याचे प्रमाण वाढते आणि एरवी विझली असती अशी ठिणगीही पेट घेते. त्या रात्री कामावर असलेल्या परिचारिकेला तारेची जाडी ठरवण्याचा अधिकार असतो का? रुग्णालयाच्या प्रमुखालाही तो पूर्णपणे नसतो. शासकीय इमारतीच्या वीजजोडणीचे काम बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते, निधी जिल्हा नियोजनातून किंवा मुंबईहून यायचा असतो, उपकरणांची देखभाल बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते, आणि अग्निसुरक्षा तपासणीचा अहवाल देणारा चौथाच. एका ठिकाणी मीच सुचवलेल्या दुरुस्त्यांचे पत्र चौदा महिन्यांनी माझ्याच पुढच्या तपासणीच्या फायलीला जोडलेले मला मिळाले. मध्ये काहीही झालेले नव्हते.

भंडाऱ्यानंतर राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळातील दाब उतरला आणि कृत्रिम श्वसनावरचे २२ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ जण गेले. तो विभाग जुनाट नव्हता, कोविडच्या काळात नव्याने उभारलेला होता. तेथेही एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली. म्हणजे एका वर्षात तीन घटना, आणि त्यांतील दोन्ही आगींत सर्वांत जवळ उभा असलेला माणूस सर्वांत आधी हाती लागतो. त्याला धाक जरूर बसतो. पुढच्या वेळी बोर्डातून जळका वास आला तर तो लिहून कळवायचे की खिडकी उघडून गप्प बसायचे, एवढाच निर्णय तो त्या धाकापोटी घेतो.

शंकेखोर

जळका वास येऊनही कोणी गप्प बसत असेल तर तोच गुन्हा नाही का?

तारजोड

असेल. पण वास आल्याचे तीनदा तोंडी सांगून झालेले असते, आणि ‘लेखी द्या’ म्हटल्यावर लेखी देणारी व्यक्तीच पुढे साक्षीदार किंवा आरोपी ठरते. मी भेटलेल्या जवळपास प्रत्येक इनचार्ज सिस्टरला आपल्या वॉर्डातील कोणते सॉकेट गरम होते ते ठाऊक होते. अहवालात मात्र ते एकाही ठिकाणी नव्हते.

भूलतज्ज्ञ

या चर्चेत एक भेद करायला हवा. दारू पिऊन कामावर येणे, रुग्णाकडे पैसे मागणे, पाळी सोडून निघून जाणे, यांना शिक्षाच हवी आणि त्याविषयी कोणाचे दुमत नसावे. चुकीच्या खाटेपाशी जाणे ही गोष्ट वेगळी आहे. ती उत्तम परिचारिकेकडूनही होते आणि अकराव्या तासाला अधिक होते. दोन्हींना एकच दंड लावला की पहिल्या प्रकारची माणसे शिताफीने सुटतात आणि दुसऱ्या प्रकारची अडकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले. शौचालय घाण होतेच. परंतु औषधखरेदी, रिक्त पदे आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अखेरच्या क्षणी येणारे अत्यवस्थ रुग्ण यांपैकी कशालाही त्या झाडूचा स्पर्श झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे स्वतःहून दखल घेऊन विचारणा केली, ती योग्य जागी होती.

आता तपासणीसूचीविषयी. कारण अशा चर्चांमध्ये ‘चेकलिस्ट आणा’ हा उपाय लगेच पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षितता सूची १९ मुद्द्यांची आहे. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे त्यात आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मी स्वतः ती वापरतो आणि तिने मला दोनदा तरी वाचवले आहे.

पण प्रसूतीसाठी अशीच सूची उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत आणली गेली, सोबत प्रशिक्षकही दिले गेले, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले तेव्हा चित्र वेगळे होते. दोन महिन्यांनी, प्रशिक्षक येत असताना, आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, तर सूची नसलेल्या केंद्रांत ४२ टक्के. सुरुवातीपासून वर्षभराने, प्रशिक्षक थांबलेले असताना, ते प्रमाण ६२ टक्क्यांपर्यंत उतरले. आणि मातांच्या व बाळांच्या मृत्यूंत फरक पडलाच नाही. माझ्या मते यातून सूची निरुपयोगी ठरत नाही. हात धुतला, रक्तदाब मोजला, पण तो फार वाढलेला आढळल्यावर झटके टाळण्यासाठी द्यायचे मॅग्नेशियम सल्फेट केंद्रात नसेल, किंवा बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणारा कुशल हात नसेल, तर खुणा भरूनही जीव वाचत नाही. सूचीमागे साठा आणि कौशल्य उभे असावे लागते.

वैनगंगाकाठ, आपल्या प्रश्नाला एक आधार देतो. दोष न ठेवता नोंद करणे ही कल्पना आपल्या यंत्रणेला अगदीच परकी नाही. माता मृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊ नये, दोष देऊ नये हे तत्त्व लिहिलेलेच आहे, आणि मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या पुनरावलोकनासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र सूचनाही काढल्या. आपली घटना त्या व्याख्येत बसत नाही, कारण आपल्या रुग्णाला काहीच झाले नाही. पण समितीत “हे कोठून काढले?” असे कोणी विचारले, तर दाखवायला एक शासकीय पूर्वदाखला हाताशी राहील.

दूरदेशी

मी मूळची सांगलीची, गेली सोळा वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. येथे अशी नोंद करणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. चुकीच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचून परत आले तरी संगणकावर अर्ज भरायचा असतो. राष्ट्रीय पातळीवर अशा नोंदी एकत्र करण्याची व्यवस्था २००३ पासून होती, आता तिच्या जागी नवी आली आहे.

मात्र येथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्णांचे हाल होत होते. नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी आल्या. त्या सगळ्या काळात ते रुग्णालय कागदावर उद्दिष्टे गाठण्याच्याच मागे होते, हे वाचून ‘कायाकल्प’च्या आधीच्या पंधरा दिवसांची आठवण झाली. त्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर २०१४ पासून, रुग्णाला गंभीर इजा झाली तर ती त्याला स्पष्टपणे सांगणे आणि माफी मागणे रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक झाले. शंकेखोर यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला यात दिसते. कर्मचाऱ्याला नोंदीसाठी अभय, पण रुग्णापासून लपवण्याला नाही. हे दोन्ही एकत्र नसेल तर आपली भीती खरी ठरेल.

आणि आमची खरी तक्रार सांगू? अर्ज भरला की तो कोठे जातो ते कळत नाही. “तुमच्या नोंदीवरून आम्ही हे बदलले” असे कोणी येऊन सांगितले तरच पुढचा अर्ज मनापासून भरला जातो.

नंदुरबारी

आमच्या जिल्ह्यातील एक वेगळी वाट सुचवतो. २००७ मध्ये राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे होते. गावातील लोक उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर त्यावर उघड बोलणे होई. बाहेरची चिठ्ठी लिहून देणे, बाळंतपणाला पैसे मागणे, आरोग्य सेविका पाड्यावर न येणे अशा तक्रारींना तेथे तोंड फुटले.

पण वर परिसेविकाबाईंनी लिहिलेले वाचताना एक मर्यादाही जाणवली. आम्हाला बंद दार दिसते, गैरहजर डॉक्टर दिसतो; ऑक्सिटोसिनचा जोर गेला की नाही हे पाड्यावरच्या बाईला कसे दिसणार? ते आतल्या माणसानेच सांगायला हवे. उलट त्या सासूने जे केले ते आतल्या कोणालाच जमले नव्हते. त्यामुळे नोंदवहीत नातेवाइकांनाही लिहिता यावे.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. परिसेविकाताई, आपल्या वहीत नेमके काय लिहिले जाई, ते सांगाल का? समितीच्या निधीतून वही, कुलूप आणि फ्रिजसाठी तापमापी एवढे मी मंजूर करून घेऊ शकेन असे वाटते.

निवृत्त परिसेविका

साधी शंभर पानी वही होती, पाच रकाने आखलेले. तारीख आणि पाळी. काय घडता घडता राहिले. ते कोणाच्या किंवा कशामुळे लक्षात आले. त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण आणि किती परिचारिका होत्या. आणि शेवटचा, काय बदलले. लिहिणारीच्या किंवा चुकणारीच्या नावाचा रकाना मुद्दाम ठेवला नव्हता. अक्षरावरून ओळखू येते म्हणून पहिले काही महिने सगळ्याजणी मला तोंडी सांगत आणि मीच लिहीत असे.

चौथा रकाना वगळू नका. वर्षाअखेरीस आम्ही पाने उलटली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंग पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासातले निघाले, आणि त्यावरून आम्ही सोपवणी टेबलापाशी न करता प्रत्येक खाटेपाशी जाऊन करायला लागलो. पाचवा रकाना रिकामा राहू लागला तर वही बंद करा. नुसत्या नोंदीला दोन महिन्यांत सगळ्या कंटाळतात. दूरदेशी म्हणतात ते अगदी खरे आहे.

तापमापी डिजिटल घ्या, कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारी. साधी घेतलीत तर रात्री वीज गेली होती ते सकाळी कळणार नाही.

वैनगंगाकाठ

पुढची बैठक गुरुवारी आहे. विषयपत्रिकेत ‘थोडक्यात टळले’ असा शब्द घातला तर पुन्हा तेच उत्तर मिळेल, म्हणून ‘पाळी सोपवणीतील सुधारणा व वॉर्ड साहित्य’ असा विषय दिला आहे. पहिली नोंद त्या दोन सारख्या नावांचीच असेल. तिसऱ्या रकान्यात ‘सासू’ असे लिहायला त्या परिचारिकेने होकार दिला आहे.